विळीवरचं पुस्तक

आमच्या घरात नवं पुस्तक आलं की ते आधी विळीवर जातं. माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का, पाट घेऊन बसतात, पुस्तक उघडून त्याची पाठ पात्यावर धरतात आणि दुधीच्या फोडी कराव्यात तसे त्याचे भाग करतात. मग एकेकाचा वाटा एकेकाच्या हातात.

लग्न होऊन मी या फलटणजवळच्या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवाळीत हा प्रकार बघितला. माझं माहेर वाईचं. वडील शाळामास्तर. पुस्तकाला चुकून पाय लागला तर पाया पडायचो आम्ही. इथं सासूबाई विळीवर कादंबरी चिरतायत, आणि घरातली माणसं आपापल्या वाट्यासाठी हात पुढं करून उभी! मी त्या रात्री नवऱ्याला विचारलं, तुमची आई बरी आहे ना? दिलीप म्हणाले, का, काय झालं?

कारण तसं सरळ होतं. सासरे साखर कारखान्यात पाळीवर, घरात दोन वाचणारी पोरं, आणि वर्षाला पुस्तक एकच यायचं. त्यावरून इतकी ओढाओढी व्हायची की एकदा आक्कांनी वैतागून पुस्तकच मोडलं. तेव्हापासून ती रीत पडली. कुणी नावं ठेवली तर त्या म्हणायच्या, "आख्खी भाकरी एकट्यानं कोण खातं? मोडूनच खायाची."

नियम एकच होता: "फुडचं बोलायचं न्हाई." सासऱ्यांच्या वाट्याला आधी शेवटचा भाग यायचा. मग जेवताना ते पहिला भाग वाचणाऱ्या पोरांकडे फार कनवाळू नजरेनं बघायचे आणि उसासा टाकून म्हणायचे, "वाच बाळा, वाच." तेवढ्यानं पोरांचा घास अडकायचा. दिलीपच्या वाट्याला लहानपणी कायम मधला भाग आला. त्यामुळे हा माणूस आजही कुठलीही गोष्ट मधूनच सांगतो. मला बघायला आले तेव्हा नाव-गाव सोडून यांनी एकदम म्हशीच्या ऑपरेशनपासून सुरुवात केली होती.

सगळ्यांचं वाचून झालं की आक्का वाटे परत गोळा करतात आणि पोती शिवायच्या दाभणानं पुस्तक पुन्हा शिवतात. शिवलं की मगच स्वतः वाचतात, त्याआधी एक ओळ नाही. आमच्या कपाटात अशी सुतळीचे टाके घातलेली पुस्तकं ओळीनं उभी आहेत. पाहुणे हसतात. मी मात्र एकेक काढून दाखवते, कारण एवढं वाचलं गेलेलं कपाट आमच्या वाईच्या घरातही नव्हतं. मध्यंतरी मी आक्कांना म्हटलं, आता मोबाईलवरही पुस्तकं मिळतात. त्यांनी मोबाईल उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ह्येला इळीवर कसं धरू?"

माझी नणंद, सुरेखावन्सं, लग्न होऊन सांगलीला गेल्या तरी त्यांचा वाटा चुकला नाही. सासरे गेले, तेव्हापासून पुस्तकाचे दोनच भाग होऊ लागले. ते इकडून तिकडं पोचवायचं काम माझं.

गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. वन्संच्या मुलीच्या लग्नात मामाच्या आधी मुलीच्या चुलत्याला फेटा बांधला गेला. झालं. आमचे हे मांडवातून न जेवता उठले. वन्संनाही राग आला, की भर मांडवात शोभा केली. फोन बंद, येणं-जाणं बंद, भाऊबीजसुद्धा कोरडी गेली. आक्कांचं जेवण कमी झालं, आणि दारात गाडी वाजली की त्या उगाच बाहेर जाऊन बघून यायच्या.

यंदा त्यांनी एक टांगेवाल्याची कादंबरी आणवली. विळीवर बरोबर मधोमध, वाक्य तुटेल अशी कापली. पहिला अर्धा दिलीपच्या हातात दिला. दुसरा सांगलीला निघालेल्या एका पाहुण्याबरोबर धाडला. आणि मला बजावलं, "या खेपंला तू मधी पडायचं न्हाई. ज्येला फुडचं पायजे त्येनं तोंडानं मागायचं."

दिलीपनी त्यांचा अर्धा भाग हां हां म्हणता संपवला. मग अंगणात येरझाऱ्या. मग माझ्याकडं लाडीगोडी, तू सहज विचारून बघ ना ताईला. मी कानावर हात ठेवले. एकदा यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. आणि मग अचानक माणूस शांत झाला, रात्री लवकर झोपू लागला. मला संशय आला. ज्वारीच्या कोठीत हात घातला, तर कोरी करकरीत, अख्खी कादंबरी! साताऱ्याला कामाला गेले होते तेव्हा आणलेली. मला हसू आलं, पण पाठोपाठ वाईटही वाटलं. आक्कांचा डाव फुकट गेला होता.

दिवाळीआधी पुस्तक शिवायचं असतं. आक्कांनी सांगावा धाडला तशा वन्सं आपला अर्धा भाग घेऊन आल्या. भावाकडं पाठ करून बसल्या. हेही खिडकीबाहेर बघत बसले. आक्का दाभणात दोरा ओवत होत्या. ओवता ओवता त्या स्वतःशीच म्हणाल्या, "शेवटाला त्या टांगेवाल्यानं घोडी इकली, ते लय बरं केलं."

"इकली कुठं?" दिलीप खिडकीतूनच म्हणाले. "लेकीला दिली की."

"देनारच," वन्सं म्हणाल्या. "ल्हानपनी जत्रंत शबुद दिला व्हता तिला."

मी हातातलं काम थांबवलं. घोडीचा शेवट होता वन्संच्या भागात आणि जत्रा होती ह्यांच्या.

वन्सं सावकाश वळल्या. वर्षभरातला त्यांचा भावाशी पहिला शब्द. "तुला रं कसं ठावं, दिल्या?"

"आन् तुला?"

वन्संनी पदर तोंडाला लावला. "आख्खं आनलं. तांदळाच्या पिंपात ठेवलंय."

"मी ज्वारीच्या कोठीत," हे म्हणाले, आणि मग दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लगेच टांगेवाला चुकला की बरोबर यावरून कडाक्याचं भांडण सुरू झालं. त्यातच कुठंतरी वन्सं म्हणाल्या, फेट्याचं माझं चुकलंच, आणि हे म्हणाले, जाऊ दे गं.

मी आक्कांना हळूच विचारलं, घोडी विकली असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"मला काय ठावं घोडीचं? शिवल्याबिगर मी कवा वाचते का?"

मग त्यांनी दोन्ही अर्धे एकावर एक ठेवले. दाभण जागेवर बसेना. त्यांनी लेकाला आणि लेकीला जवळ बोलावलं.

"दोगं धरा. घट्ट धरा. एकटीला आता जमत न्हाई."

दोघांनी दोन बाजूंनी पुस्तक दाबून धरलं. आक्का एकेक टाका घालत गेल्या. शेवटची गाठ मारून झाली, दोरा तोडून झाला, तरी त्यांनी बराच वेळ दोघांना सोडा म्हटलं नाही.