पंख्याला जेवण बाहेरून

अगदी शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं असेल तर बोलता बोलता माझी कवळी बाहेर पडू दे!

तर आमची सून घरी बसून इमारतींची चित्रं करते. म्हणजे इमारत बांधायच्या आधीच ती कशी दिसणार ते कॉम्प्युटरवर हुबेहूब दाखवायचं. झाडं, सावल्या, काचेत पडलेलं आभाळ, सगळं. त्या दिवशी एका दवाखान्याचं चित्र दुपारच्या आत तिच्या साहेबांना पाठवायचं होतं. नाही गेलं तर पुढचं सगळं काम दुसऱ्या कुणाला, असं त्यांनी बजावलेलं. आठवडाभर सुनेच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं. पापणी मिटली तर परत उघडायला माणूस लावावा लागेल अशी तिची दशा.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला.

"पंखा फिरत नाहीये," चिरंजीवांनी झाकण उघडून निदान केलं. आत चित्रं काढणारं एक कार्ड असतं, ते तापतं. म्हणून त्याच्या उरावर चिमुकला पंखा बसवलेला असतो. "पंखा ठणठणीत आहे गं. कार्डातून त्याला वीजच येत नाहीये. आपण त्याला जेवण बाहेरून देऊ."

"अरे, दुकानात नेऊ या ना," सून म्हणाली.

"दुकानवाला ठेवून घेईल. तू चहा पी, तोवर करतो."

आमचे चिरंजीव विमा कंपनीत आहेत. अपघात झाला की पाहणीला जातात. त्यामुळे अपघाताची म्हणून भीती त्यांना राहिलेली नाही. त्यांनी हाताशी आला तो मोबाइलचा चार्जर उचलला, वायर कापली, सोलली आणि पंख्याच्या वायरींना पिळून लावली. पंखा फिरला. पण कसा? आमचे हे आंघोळीला उठतात तसा, मधेमधे थांबत. चित्र अर्ध्यावर आलं आणि कॉम्प्युटर पुन्हा थंड.

"व्होल्ट कमी पडले," चिरंजीव म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा अडॅप्टर घेऊन आले.

"अरे, मग मी पाणी काय प्यायचं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"बाबा, जरा कळ काढा."

तो अडॅप्टर लावला मात्र, पंखा असा किंचाळला, की कॉम्प्युटर टेबलावरून सरकत सरकत खिडकीकडे निघाला! सुनेने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. खालच्या काकू धापा टाकत वर आल्या.

"गिरणी टाकलीत की काय घरात? माझी भांडी फळीवरून खाली आली!"

"काकू, पंखा आहे हो."

"पंखा? मग वारा कुठाय?" असं म्हणून मनसोक्त भांडल्या आणि दार आपटून गेल्या.

तिसऱ्या खेपेला मात्र जमलं. नेटच्या डब्याचा अडॅप्टर पंख्याला बरोब्बर मानवला. पंखा गुणगुणायला लागला. दूध कधी वर येतंय ते बघावं तसे आम्ही सगळे टेबलाभोवती उभे. चित्र हळूहळू पुरं झालं.

"पाठव," चिरंजीव कॉलर ताठ करत म्हणाले.

सुनेने बटण दाबलं. परत दाबलं. "नेट नाहीये."

"कसं असेल?" आमचे हे म्हणाले. "नेटचं जेवण पंखा जेवतोय."

"मग अडॅप्टर डब्याला परत लाव ना!" सून ओरडली.

"लावला असता," चिरंजीव चाचरले. "पण त्याची पिन मी कापली. आणि ती पिन... इथेच तर पडली होती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्ताच केर काढला होता. आता घर नीट ठेवायला नको का?

"राहू दे, मोबाइलवरून पाठवते," सून म्हणाली. मोबाइल मेलेला. चार्जर पंख्याने पहिल्याच घासाला खाल्लेला. चिरंजीवांचा मोबाइलही त्याच चार्जरवर जगायचा. आमच्या ह्यांचा साधा बटणांचा होता, पण साहेबांचा नंबर सुनेच्या मेलेल्या मोबाइलात. खालच्या काकूंकडे जावं, तर कुठल्या तोंडाने?

चिरंजीव केराचा डबा पालथा घालून पिन शोधायला बसले. सुनेने चित्र पेन ड्राइव्हवर घेतलं, केस कसेबसे बांधले आणि चपला घालायला लागली, तोच बेल वाजली.

दारात साहेब. घामाघूम.

"अहो मॅडम, सकाळपासून फोन लावतोय, बंद! मेल केला, त्यालाही उत्तर नाही!"

"सर, चित्र तयार आहे! हे घ्या!"

साहेब कसनुसं हसले. "तेच तर सांगायचं होतं. परवा तुम्ही कच्चं चित्र पाठवलं होतं ना? तेच पसंत पडलं दवाखानेवाल्यांना. सकाळीच कळवलं. पुढचं कामही तुमच्याकडेच. आज काही करू नका, झोपा आता." मग रुमालाने मान पुसत म्हणाले, "घोटभर पाणी मिळेल?"

आम्ही सगळ्यांनी यंत्राकडे पाहिलं. साहेबांना चहा दिला.

ते गेल्यावर सून धपकन खुर्चीत बसली. केरातून डोकं वर काढून चिरंजीव ओरडले, "सापडली गं पिन! आता वेळ आहे, तर पंख्याचं कायमचंच काम करून टाकतो!"

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं, मंद हसली आणि एक शब्दही न बोलता डोळे मिटले.

आता एवढं कबूल करते. कॉम्प्युटर सरकला ते खरंच आहे, काकूंना विचारा. पण 'एक शब्दही न बोलता' हे तेवढं मी पदरचं घातलं. ती जे काही बोलली ते खालपर्यंत ऐकू गेलं, आणि काकू त्या दिवशी पुन्हा भांडायला वर आल्या नाहीत.