पोरं गप्प का बसली?

माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार थरथर कापतात. प्रत्यक्ष कापताना कुणी दिसला नाही, पण भीतीने समोरच येत नसावेत. नजर घारीची, नाक धारदार, आणि बुद्धीबद्दल मी स्वतःच बोलतो, कारण दुसरं कुणी बोलत नाही. साहाय्यक म्हणून मी बायकोच्या भावाला ठेवलाय. बायको म्हणते, मला सांभाळायला तिनेच त्याला ठेवलाय.

परवा एक चष्मेवाले घाम पुसत आले. "साहेब, माझी तिन्ही पोरं एकाएकी शहाणी झालीत हो!"

"अभिनंदन," मेहुणा म्हणाला. मी डोळे वटारले.

"अहो, बायको गेल्यापासून सांभाळायला आलेली एकही बाई त्यांनी टिकू दिली नाही. एकीच्या पर्समध्ये बेडूक, दुसरीच्या वेणीला च्युइंगम! आणि ही नवी मावशी आल्यापासून घर चिडीचूप. नक्की काहीतरी करतेय ती. आज छडा लावा, नाहीतर तिला काढूनच टाकतो."

आम्ही त्यांच्यासोबत घरी पोचलो. मावशी मटार सोलत होत्या. "पंख्याखाली बसा, किती घामाघूम झालात," म्हणाल्या. गुन्हेगार असेच गोड बोलतात.

"दुधात झोपेचं औषध!" मी जाहीर केलं आणि तपासासाठी टेबलावरचा पेला घटाघटा रिकामा केला.

"दाजी, ते धाकटीचं होतं."

धाकटी रडलीसुद्धा नाही. म्हणजे मुलंच बदललेली! खरी कुठेतरी डांबली असणार. मी तरातरा उठलो आणि तोंडावर आपटलो. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या. थोरला छताकडे बघत होता. मुलं अस्सल निघाली.

गाठ सुटेना, म्हणून तसाच उड्या मारत मागच्या अंगणात गेलो; सगळे माझ्या मागोमाग. आणि काय सांगू! खिडकीखाली मातीत पुरुषी बुटांचे ताजे ठसे. पडद्याला नेमकी तिथेच फट. खाली स्टूल, स्टुलावर उशी.

"टोळी!" मी गरजलो. "मावशी, तुमचा माणूस इथे ऐसपैस बसून पोरांना धाक दाखवतो!"

"देवाशपथ, मी कुणाला ओळखत नाही हो," मावशींनी हात जोडले.

"सामान भरा," चष्मेवाले म्हणाले. धाकटी आता मात्र भोकाड पसरून मावशींना बिलगली.

मेहुणा ठशांपाशी वाकला होता. "उजव्या टाचेला तडा गेलाय. साहेब, जरा तुमचा उजवा पाय उचलता?"

चष्मेवाल्यांनी पाय उचलला. मग मानही खाली घातली. "मीच तो. दुकान लवकर बंद करून रोज येतो. बाई काय करते ते चोरून बघायला."

"आणि स्टूल-उशी?"

"ती होतीच इथे."

"आम्ही ठेवली," मधली म्हणाली. "उभं राहून बाबांचे पाय दुखतात ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मग पडदा कोण उघडा ठेवतं? दंगा केला की तुम्ही नवी मावशी पाठवता. गप्प बसलं की स्वतः येता."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

"आत बसून बघा की," मावशी म्हणाल्या. "दार उघडंच असतं."

ते पोरांसोबत आत गेले. क्षणात अशा किंकाळ्या, अशा उड्या, की खिडकीची काच थरथरली. मावशी पुन्हा मटार सोलायला बसल्या.

"बघितलंस? गुंता मी कसा सोडवला!"

"हो दाजी," म्हणत मेहुणा माझ्या नाड्या सोडवायला खाली बसला.