अर्ध्या मिशीचा निषेध

सलूनमध्ये आरशाच्या वर एक पाटी होती: ‘येथे राजकारणावर बोलू नये.’ गिऱ्हाइकांना वाटायचं, पाटी आपल्यासाठी आहे. खरं तर ती दोनच माणसांसाठी होती. एक, वस्तरा धरणारे वस्ताद, आणि दुसरे, दर रविवारी सकाळी त्यांच्यापुढे मान मागे टाकून बसणारे पोस्टमास्तर. गेल्या निवडणुकीत या दोन जिवलग मित्रांचं असं काही बिनसलं की मास्तर दोन महिने दाढी वाढवून फिरले आणि वस्ताद साधं पत्र टाकायलाही पार गावाबाहेरच्या पोस्टात जाऊ लागले. शेवटी दोघांच्या बायकांनी मध्ये पडून तह केला आणि ती पाटी रंगवून आणली.

वस्ताद सरकार पक्षाचे, मास्तर विरोधी पक्षाचे. एवढं सोडलं तर तीस वर्षांत दोघांचं सगळं जुळलेलं. मिशासुद्धा दोघांनी एकाच महिन्यात राखायला घेतल्या होत्या. भरघोस, दोन्ही टोकांना वर वळलेल्या. गावात कुणी यांचा पत्ता विचारला तर लोक म्हणत, “ते मिशीवाले ना? कुठले, पोस्टातले की सलूनमधले?”

तर त्या रविवारी मास्तर खुर्चीत बसले ते खास कामाने. शुक्रवारी ते छत्तीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त होणार होते. पोस्टात निरोपसमारंभ होता, फोटोग्राफर येणार होता, आणि तो फोटो चौकटीत घालून कचेरीच्या भिंतीवर कायमचा लागणार होता. भिंतीवर आधीचे सात पोस्टमास्तर होते आणि सातही मिशीवाले.

“जरा टोकं तेवढी सारखी कर,” मास्तर म्हणाले. “आणि शुक्रवारी पहिल्या रांगेत बसायचंय तुला. घरचा माणूस म्हणून.”

“ते काय सांगायला हवं?” असं म्हणून वस्तादांनी फेस लावला, वस्तरा उघडला आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यातला रेडिओ म्हणाला की नदीवरच्या नव्या पुलाचं काल थाटात उद्घाटन झालं.

मास्तर गप्प बसले असते. पण फेसाखालून आवाज आलाच. “पूल कसला, पाळणा आहे तो. मांजर गेलं तरी हलतो.”

“मास्तर, पाटी,” वस्ताद म्हणाले.

“मी राजकारणावर कुठं बोलतोय? मी पुलावर बोलतोय.”

“अरे, चाळीस वर्षं तुमच्या लोकांनी बांधला नाही तो! निदान आमच्यांनी बांधला तरी! या टोकापासून,” वस्तादांनी वस्तरा खिडकीपर्यंत नेला, “त्या टोकापर्यंत!”

वस्तादांची हीच तर खोड होती. बोलायला लागले की हात चालायचे. पाटी लावण्यामागचं खरं कारण तेच होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलेला वस्तरा मास्तरांच्या ओठावरून सर्रकन गेला आणि मिशीचा डावा अर्धा भाग फेसासकट टॉवेलवर येऊन पडला.

रेडिओवर पुलाचं कौतुक चालूच होतं.

“बाप रे,” वस्ताद म्हणाले. मग आरशात पाहून, कामातल्या माणसाच्या सवयीने त्यांनी उपाय सुचवला. “थांब, दुसरी बाजूपण काढतो. दोन मिनिटांचं काम. सारखं होऊन जाईल.”

त्यांनी नुसतं ‘चुकलो’ म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण ‘सारखं होऊन जाईल’ ऐकलं आणि मास्तरांचं डोकं फिरलं. ते ताडकन उठले. “हेच! हेच करता तुम्ही लोक! आधी अर्ध्याची वाट लावायची आणि मग उरलेलं सारखं करून देतो म्हणायचं! खबरदार या अर्ध्याला हात लावशील तर!”

“अरे, असा जाणार आहेस बाहेर? लोक हसतील!”

“हसू देत! तू माफी मागितल्याशिवाय ही अर्धी हलणार नाही!”

“माझी चूक मी मान्य करतो, पण आधी तू पुलाचं मान्य कर!”

मास्तर गळ्यातल्या टॉवेलसकट घरी आले.

“अहो, हे काय!” बायकोने कपाळावर हात मारला. “ती उरलेली काढून टाका आधी. जवळ येऊ नका, मला हसू येतंय.”

“अजिबात नाही. डावी त्याने घालवली. उजवी मी काढली तर सगळी मिशी मीच काढली असं होईल. पुरावा आहे हा.”

“पुरावा नाकाखाली घेऊन फिरणार? आणि शुक्रवारचा फोटो?”

फोटोचं नाव निघताच मास्तरांना भिंतीवरच्या सातही मिशा आठवल्या. पण ते एकदा नाही म्हणाले की नाही. छत्तीस वर्षांत चुकीचा पत्ता लिहिलेलं एकही पाकीट त्यांनी पुढे जाऊ दिलं नव्हतं. एका वस्तऱ्यापुढे ते थोडेच नमणार!

सोमवारी मास्तरांनी कचेरीत पाऊल टाकलं आणि शिक्के मारणारे हात थांबले. कारकुनाने धीर करून विचारलं, “साहेब, हे... असं का?”

भांडणात वस्तऱ्याने मिशी गेली, असं आपल्याच कारकुनाला कसं सांगणार? मास्तरांनी छाती पुढे काढली. “निषेध आहे.”

“कशाचा?”

“पुलाचा. अर्धवट कामाचा अर्धवट मिशीने निषेध.”

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते बरं वाटलं. पण कारकून पडला विरोधी पक्षाच्या शाखेचा चिटणीस. त्याचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत शाखेत ठराव झाला आणि मंगळवारी सकाळी बारा कार्यकर्ते डावी मिशी उडवून रस्त्यात उभे होते. सरकार पक्ष काय मागे राहतो? बुधवारी त्यांचे वीस जण उजवी मिशी काढून आले आणि म्हणाले, ही आमची पुलावरची निष्ठा. ज्यांना मिशाच नव्हत्या त्यांची मोठी पंचाईत झाली. ते घाईघाईने पेन्सिलीने अर्धी मिशी काढून हिंडू लागले. घाम आला की त्यांचा पक्ष गळ्यापर्यंत ओघळायचा.

“आणि माहितीये, हे सगळे कुठं जातात कापायला?” मास्तरांची बायको म्हणाली. “तुमच्या मित्राकडे! अगदी बरोबर नाकाच्या मधोमध कापणारा हात गावात दुसरा कुणाचा आहे? दाराबाहेर रांग लागलीय. तुमचे डाव्या बाकावर, त्यांचे उजव्या. वहिनी सांगत होत्या, ते दोन दिवस जेवायला घरी आले नाहीत.”

“आमच्या लोकांच्या मिशा तो कापतो?” मास्तर कडाडले. “आणि आमचे लोक कापून घेतात?”

“अगं बाई, त्यांनी नाही कापायच्या तर काय पोस्टाने पाठवायच्या?”

गुरुवारी दोन गोष्टी एकदम झाल्या. दुपारी वरिष्ठांचं पत्र आलं: सरकारी नोकराने चेहऱ्यावर राजकीय चिन्ह बाळगणे नियमाविरुद्ध असून उद्या सकाळपर्यंत ते दूर न केल्यास निरोपसमारंभ व फोटो रद्द समजावा. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. तोवर कारकून आत आला. एरवी साहेब म्हणणारा हा माणूस आता चिटणीस म्हणून बोलत होता.

“मास्तर, पक्षाने ठरवलंय. निवडणुकीपर्यंत ही मिशी अशीच. फक्त आठ महिने. तुम्ही आमचा चेहरा आहात.”

“अरे पण, मी काढली तर?”

“मग तुम्ही फितूर झालात असं जाहीर करावं लागेल,” तो अदबीने म्हणाला. “वाईट वाटेल, पण करावं लागेल.”

कारकून गेल्यावर मास्तर बराच वेळ भिंतीवरच्या सात जणांकडे बघत बसले. मिशी ठेवली तर फोटो जातो. काढली तर पक्ष जातो. आणि खरं सांगायचं तर त्यांना या दोन्हींची तेवढी पर्वा नव्हती. उद्या पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. छत्तीस वर्षं लोकांची मनं पाकिटात घालून पोचवली आणि आपला एक निरोप तीन गल्ल्या ओलांडून जात नाही, म्हणून त्यांना स्वतःची लाज वाटली. ते उठले आणि तोंडाला रुमाल लावून सलूनच्या मागच्या दाराने आत शिरले.

दुकान बंद करून वस्ताद गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. तोंडाला फेस आणि हातात उघडा वस्तरा.

“तू कशाला आलास?” आरशातूनच ते म्हणाले.

“तू काय करतोयस ते सांग आधी.”

“आमचे लोक आले होते. म्हणाले, सगळ्यांच्या कापल्यास, तुझी कुठाय? सकाळपर्यंत उजवी गेली पाहिजे, नाहीतर मी फितूर.” वस्तादांनी वस्तरा मांडीवर ठेवला. “तीस वर्षांची मिशी रे. दुसऱ्यांच्या शंभर कापल्या, पण स्वतःवर हातच चालत नाही.”

मास्तरांनी तोंडावरचा रुमाल काढला. वस्तादांनी चार दिवसांनी ती अर्धी मिशी पाहिली आणि त्यांना रडू की हसू ते कळेना. शेवटी दोन्ही आलं.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “पुलाचं तू काही मान्य करू नकोस. चुकलं ते चुकलं.”

“मांजर जड असेल तरच हलतो,” मास्तर म्हणाले. यापेक्षा जास्त ते मरेपर्यंत मान्य करणार नव्हते. “दे तो वस्तरा. तुझी मी काढतो. अर्धी नाही, पूर्ण. मग तू माझी काढ.”

“तुला येतं?”

“छत्तीस वर्षं शिक्के मारलेत.”

“अरे, मारायचं नाहीये!” वस्ताद ओरडले, पण तोवर उशीर झाला होता. मास्तरांनी मित्राचा ओठ धरला, स्वतःची जीभ बाहेर काढली आणि पाकिटावर शिक्का मारावा तसे चार ठोके मारले. दोन ठिकाणी रक्त आलं. मिशी मात्र गेली.

शुक्रवारी समारंभाला पहिल्या रांगेत ओठाला दोन पट्ट्या लावलेला एक सपाट तोंडाचा माणूस बसला होता आणि व्यासपीठावर दुसरा. दोन्ही पक्षांचे चिटणीस दारातच थबकले. डाव्या अर्ध्याने उजव्या अर्ध्याकडे पाहिलं.

“फितूर,” एक म्हणाला.

“दोघंही,” दुसरा म्हणाला.

गेल्या कित्येक वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि ते त्याच तंद्रीत शेजारी शेजारी बसून निषेधाचा संयुक्त मसुदा लिहायला लागले. फोटो मात्र निघाला. पुढे नवे पोस्टमास्तर आले तेव्हा भिंतीकडे पाहून त्यांनी विचारलं, “हे आठवे कोण? गावातले वाटत नाहीत.”

महिन्याभरात दोघांच्या मिशा परत आल्या. गावातल्या बाकीच्यांना निवडणुकीपर्यंत अर्ध्यावरच राहावं लागलं, आणि दर आठवड्याला त्या सारख्या करून घ्यायला सगळे वस्तादांकडेच येत राहिले.

मग एका रविवारी मास्तर खुर्चीत बसले. फेस लागला. रेडिओ म्हणाला की नव्या पुलाची दुरुस्ती सुरू झाली आहे.

वस्तादांनी आरशात पाहिलं. मास्तरांनी आरशात पाहिलं. वस्तादांनी शांतपणे वस्तरा मिटला, खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली मास्तरांच्या खिशात टाकली. मग शेजारची खुर्ची ओढून ते समोरासमोर बसले.

“हं,” दोन्ही हात मोकळे करत ते म्हणाले, “आता बोल.”

मास्तर बोलले. वस्तादही बोलले. तासाभराने दोघांच्या बायका धावत आल्या तेव्हा मास्तरांच्या तोंडावरचा फेस वाळून कडक झाला होता आणि बाहेर सहा गिऱ्हाइकं ताटकळत होती. पाटीवरची ओळ कुणीतरी खडूने वाढवलेली होती: ‘येथे राजकारणावर बोलू नये, हातात वस्तरा असेल तर.’