करवलीचा लॅपटॉप

‘अपडेट सुरू आहे. कृपया बंद करू नका,’ असं निळ्या पडद्यावर उमटलं आणि गजेंद्र पडद्यासमोरून हलेचना. बंद करायचं नाही ते किती वेळ, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. खाली नुसता नऊ टक्के असा आकडा होता, आणि तो मघापासून नऊच होता. बाहेर अकोल्याचा मे महिना तापत होता, स्वयंपाकघरात धोंड्याच्या महिन्याचे अनारसे तळले जात होते, आणि बडनेऱ्याहून बहीण, जवाई आणि इवाई, म्हणजे बहिणीचे सासरे, असे तिघेही निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

लॅपटॉप गजेंद्रच्या लेकीचा, चकुलीचा. लहान मुलांसाठीच बनवलेला, मोठ्या बटणांचा, आत पाढ्यांचे आणि शब्दांचे खेळ भरलेला. एप्रिलमध्ये आत्याच्या लग्नात चकुली करवली होती. हातात करा धरून नवरीच्या मागे ती न कंटाळता उभी राहिली, म्हणून नवरदेवाच्या वडिलांनी, खुशालरावांनी, तिला करवलीचा मान म्हणून तो दिला होता. बाकीच्या करवल्यांना फ्रॉक मिळतो. पण खुशालराव नांदगाव खंडेश्वरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी मानपानातही अभ्यास घुसवला. गजेंद्रच्या आईने, गोदाबाईंनी, त्या लॅपटॉपला हळदीकुंकू वाहिलं, रुमालात बांधलं आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. “इवायानं देल्लेली वस्तू हाय, पोट्टी खराब करीन,” हे त्यांचं म्हणणं. चकुलीला काही शिकायचंच असतं तर तिला ते कपाटाच्या फटीतून शिकावं लागलं असतं.

आणि परवा खुशालरावांचा फोन आला. “धोंड्याचं बोलावणं पावलं! मीही येतो! करवली लॅपटॉपवर काय काय शिकली ते पाहीन!” एवढं खणखणीत आवाजात बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. समोरचा काय म्हणतो हे ऐकायला ते थांबलेच नाहीत.

गजेंद्रला दचकायला एवढं पुरेसं होतं, कारण इवाई नाराज आहेत हे घरात सगळ्यांना पाठ होतं. नाराजी लग्नातलीच होती. जानोशात, वऱ्हाडाच्या उतरायच्या जागी, त्यांच्या खाटेजवळ दोन मोठे कूलर लावले होते, त्यातल्या एकाचं पाणी संपलं. पंगतीला बोलवायला गजेंद्र स्वतः गेला, तर खुशालराव भिंतीकडे पाहत बसलेले. हाक मारली, उत्तर नाही. कूलरवरून बिनसलं हे ओळखून त्याने धावपळ करून तिसरा कूलर आणवला. त्यावर ते जास्तच गप्प झाले आणि कुणाशी न बोलता वऱ्हाडाबरोबर निघून गेले.

ते तेवढ्यावर संपलं असतं तर गजेंद्रने मनाला लावून घेतलं नसतं. पण पंधरा दिवसांपूर्वी बहिणीचा, आकांक्षाचा, फोन आला होता. “दादा, बाबा माह्यासंग बोलतच नाईत. चाय देला त घेतात. ‘अजून काई पाह्यजे काय’ म्हटलं त पेपरात पाह्यतात. मी काय केलं रे?” असं म्हणून ती रडली. गजेंद्र तसाही काळजी करण्यात पटाईत. घराबाहेर पडला की कुलूप ओढून पाहायला परत येणारा. बहिणीचं रडणं ऐकल्यापासून त्याला धड झोप नव्हती. या धोंड्यात इवायांची समजूत पटलीच पाहिजे, कुठे म्हणून कमी पडता कामा नये, असं त्याने ठरवलं होतं. म्हणून नवा कूलर घेतला. म्हणूनच आज सकाळी आईकडून किल्ली मागून लॅपटॉप बाहेर काढला. चालू करताच लॅपटॉपने विचारलं, अपडेट आता करायचं की नंतर? काम नंतरवर टाकणं गजेंद्रच्या रक्तात नव्हतं.

“काय झालं?” त्याची बायको रश्मी झाऱ्या हातात घेऊनच आली.

“नऊवर अडकला.”

“मंग बंद करून पुन्हा लावा ना.”

“बंद करू नका म्हणून लिहून राह्यलं ना ते!”

गजेंद्रने ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “होऊ द्या जी. बॅटरीत दम नसन त चार्जर काढू नका. मधातच बंद पडला त मंग तो लॅपटॉप नाई, जेवाले बसाचा पाट समजा.”

बॅटरीत दम कुठून असणार? महिनाभर ती कपाटात होती. गजेंद्रने चार्जरची पिन दोनदा दाबून पाहिली. आकडा सत्तावीस झाला, एकतीस झाला. त्याने जरा श्वास सोडला, आणि तेवढ्यात लाइन गेली.

इन्व्हर्टरने टुक् केलं आणि लॅपटॉप वाचला. पण या इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी होती. तिच्यावर लॅपटॉप चालला असता किंवा कूलर. दोन्ही लावले की ती थोडा वेळ कुरकुरायची आणि मग सगळ्या घराला अंधारात ढकलून द्यायची. आत्ताही तिने कुरकुर सुरू केली.

“आई, कूलर बंद कर!” गजेंद्र ओरडला.

“बाप्पा! इवाई चौकात आले असतीन अन् कूलर बंद करू?”

“त्याह्यनं देल्लेला लॅपटॉप जळन ना!”

“अन् इवाई जळले त?”

गोदाबाईंचा प्रश्न बिनतोड होता. गजेंद्र कूलर आणि लॅपटॉप यांच्या मधोमध उभा राहिला. कूलर बंद केला तर जानोशाची पुनरावृत्ती, चालू ठेवला तर इवायांच्या मानाचा पाट. दोन्हीकडून शेवटी ऐकून घेणार ती आकांक्षाच. इन्व्हर्टर आणखी जोरात कुरकुरला तेव्हा त्याने डोळे मिटून कूलरचं बटण बंद केलं, आणि त्याच वेळी फाटक वाजलं.

पाय धुणं, टोपी-उपरणं, ओवाळणं सगळं झालं. दारं-खिडक्या उन्हासाठी लावलेल्या, पंखा अगदी मंद, आणि दिवाणखान्यात नवाकोरा कूलर तोंड मिटून उभा. खुशालराव त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग गजेंद्रकडे. गजेंद्रच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला.

“मोटर जळाली त्याची,” तो म्हणाला.

“पाणी संपलं,” स्वयंपाकघरातून गोदाबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

“आवाज लय करते म्हणून नाई लावला,” सरबत आणता आणता रश्मीने तिसरं कारण दिलं.

एकाच कूलरला इतके रोग ऐकून जवाई कुलदीपने रुमाल काढून मान पुसली.  खुशालराव एकेकाच्या तोंडाकडे नवलाने पाहत राहिले. गजेंद्रला ती नजर सहन होईना. “आलोच जी,” म्हणून तो आतल्या खोलीत पळाला.

तिथे लॅपटॉप अठ्ठेचाळीसवर होता आणि तव्यासारखा तापला होता. गजेंद्रने भिंतीवरचा ताडाचा पंखा काढला आणि त्याला वारा घालायला बसला. लॅपटॉपला वारा घातला जातो आहे आणि दिवाणखान्यात बहिणीचा सासरा उकडतो आहे, हे त्याला दिसत होतं, पण हात थांबवायची हिंमत होईना. बसल्या बसल्या तो आकड्याला विनवण्या करत होता. हे चाललेलं असतानाच दारात कुलदीप उभा राहिला.

“भाऊ, हे काय करून राह्यले तुमी?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गजेंद्रने कपाटापासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. “जवाईबुवा, तुमचा मान राखाच्या नादात तुमालेच उकडून राह्यलो. पण इवाईले नका सांगू. अगुदरच ते आकांक्षासंग बोलत नाईत.”

कुलदीपचं तोंड उतरलं. “मी बी इचारलं त्याइले. ‘बाबा, काहून बोलत नाई?’ त म्हणतात, ‘मी कोठी काय म्हणून राह्यलो?’ मले बी काई समजत नाई भाऊ.” मग त्याने बाही सरसावली. “द्या तो पंखा इकडं. तुमी चहा घेऊन या.”

पहिल्या अधिकात जवायाकडून लॅपटॉपला वारा घालून घेणं शास्त्रात बसत नव्हतं, पण गजेंद्रचा हात भरून आला होता. त्याने पंखा दिला. आणि तेवढ्यात दिवाणखान्यातून मोठ्याने बोलण्याचा आवाज आला. खुशालरावांचा होता. पुन्हा आला, पहिल्यापेक्षा वर चढलेला.

“भडकले,” गजेंद्र म्हणाला.  मधल्या दारापर्यंत जाऊन तो तिथेच थबकला.

खुशालराव टोपी मांडीवर काढून बसले होते, सदरा पाठीला चिकटला होता, आणि समोर जमिनीवर आकांक्षा बसली होती. ती हसत होती.

“अन् तुह्या बडबडीवर मंग शाळेतल्या त्या बाईनं काय केलं?” ते विचारत होते.

“काय करतीन बाबा? सगळ्या वर्गाले बाहेर काढलं, अन् मले एकटीले आत ठेवलं!”

“मीही तेच केलं असतं!” खुशालराव एवढ्या मोठ्याने हसले की खिडकीचं तावदान हललं. मग त्यांनी डोळे पुसले. “तू त लय बोलतं व बेटा! मले वाटे, सून मुकीच भेटली. घरात ओठ हालवतं, आवाजच काढत नाई. म्हटलं, आपल्याले भेतं काय हे पोरगी?”

आकांक्षा त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती रिकामे पेले गोळा करू लागली. गजेंद्रला काही उमजलं नाही, पण त्याचा जीव पुष्कळसा भांड्यात पडला. एवढ्या उकाड्यात माणूस खूश कसा, हे कोडं त्याने नंतरसाठी ठेवलं. नंतरवर टाकलेलं त्याचं हे आयुष्यातलं पहिलंच काम असेल.

कुलदीप ‘तुमी बसा, मी आलोच’ म्हणून लॅपटॉपपाशीच राहिला, आणि बाकीच्यांची जेवायला पानं मांडली. आमरस, सरगुंडे, कुरड्या, पुरणाचे धोंडे. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण खुशालराव आग्रहाला दाद देत होते, गोदाबाईंना “इहीणबाई, रस कोणत्या आंब्याचा?” म्हणून विचारत होते आणि मुख्य म्हणजे उत्तर ऐकून घेत होते. दुसऱ्या वाढणीच्या वेळी आतून गोड धून वाजली. चकुली लॅपटॉप पोटाशी धरून धावत आली. “पप्पा, झालं! शंभर झालं!” तिच्या मागून घामाने चिंब झालेला, हातात पंखा घेतलेला कुलदीप आला. आणि पाठोपाठ लाइनही आली.

“आली माय एकदाची!” असं म्हणून गोदाबाई उठल्या आणि त्यांनी कूलर लावला.

नवा कूलर घरघरत सुटला. थंड वारा पंगतीवर आला आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. गजेंद्रने तर देवाचं नाव घेतलं. डोळे उघडले तेव्हा आकांक्षा वाटी घेऊन सासऱ्यांपुढे वाकली होती.

“बाबा, रस वाढू अजून?”

खुशालराव ताटाकडे पाहत होते.

“बाबा?”

ते किंचित वळले, भिंतीकडे पाहू लागले. ओठ मिटलेले, भुवया आवळलेल्या. मघाचा हसरा माणूस उठून निघूनच गेला होता. गजेंद्रला तो चेहरा ओळखीचा वाटला. जानोशातला चेहरा होता तो, तीन कूलरच्या मधोमध बसलेला. बडनेऱ्याच्या घरी रात्रंदिवस कूलर चालतो, हेही त्याला आठवलं. जन्मभर वर्गातल्या शेवटच्या बाकावरची कुजबूज ऐकणाऱ्या मास्तराला आता कूलरच्या घरघरीत समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, हे तो कुणाला कसं सांगणार? त्यापेक्षा लोकांनी रुसलाय म्हटलेलं बरं.

गजेंद्रला स्वतःची लाज वाटली. बहिणीच्या सासऱ्याची समजूत काढायला म्हणून आपण याच माणसापाशी तिसरा कूलर नेऊन ठेवला होता. तो उष्टा हात तसाच धरून ताटावरून उठला आणि डाव्या हाताने कूलरचं बटण बंद केलं.

घर गप्प झालं. खुशालरावांनी मान वर केली. “हं, काय म्हणत होती बेटा?”

“रस वाढू?”

“वाढ की! इचारतं काय?”

“अरे, काहून बंद केला?” गोदाबाई कळवळून म्हणाल्या. “लाइन आली ना आता!”

सगळी पंगत गजेंद्रकडे पाहू लागली.  मग जे तोंडात होतं तेच बाहेर आलं. “लॅपटॉप अपडेट होऊन राह्यला ना आई. कूलर लावला त बंद पडन.”

समोर चकुली लॅपटॉपवर सातचा पाढा खेळत होती. दर बरोबर उत्तराला लॅपटॉप टाळ्या वाजवत होता. रश्मीने नवऱ्याकडे पाहिलं, मग टाळ्यांकडे. आकांक्षाचा हात वाटीवरच थांबला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, बंद कूलरकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून मान खाली घातली.

“हो मामी,” कुलदीप घसा खाकरून सासूला म्हणाला. त्यालाही उमगलं होतं. “मोठा अपडेट हाय. आमी जाएपर्यंत चालन.”

“म्हणजे परवापर्यंत?” गोदाबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

खुशालरावांनी टाळ्या वाजवणाऱ्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग कूलरकडे, मग उष्ट्या हाताने उभ्या असलेल्या गजेंद्रकडे. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब आमरसात पडला. त्यांनी वाटी पुढे केली.

“होऊ द्या गजेंद्रभाऊ,” ते म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता. “घाई करू नका.”