बाकारीच्या घरचं बारसं

"बारशातलं मला काही सांगू नकोस. पन्नास बारशी जेवलोय मी," असं बायकोला, उल्काताईंना, बजावत नंदकुमारांनी बूट चढवले. कॅल्गरीच्या तेल कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या या इंजिनिअरचा ठाम समज होता की माणसं सगळीकडे सारखीच.

२००९च्या जानेवारीत शेजारच्या बाकारी कुलिबालीला मुलगा झाला. बाकारी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा, बामाना जमातीचा. हिमवादळाच्या सकाळी त्याच्या बायकोला, सितानला, नंदकुमारांनीच हॉस्पिटलात पोचवलं होतं, कारण गल्लीत विंटर टायर्स वेळेवर लावणारे तेवढे तेच. नाव काय ठेवणार, असं विचारलं तर बाकारी म्हणाला, "आठव्या दिवशी. त्याआधी उच्चारायचं नाही."

"आपलं बाराव्या दिवशी, यांचं आठव्या. एवढाच फरक," नंदकुमार म्हणाले खरे, पण आवाज जरा उतरला. टोरांटोतल्या त्यांच्या नातवाचं नाव एडन. आजोबांचं, म्हणजे आपलंच, नाव ठेवा, असं त्यांनी भीत भीत सुचवलं तेव्हा मुलगा हसला होता. "बाबा, इथे ते प्रोनाउन्स कोण करणार?" ते हसणं अजून सलत होतं.

बाकारीच्या बेसमेंटमध्ये ना पाळणा, ना पाळणागीत. बाळाचं डोकं भादरणं मात्र चाललेलं.

"जावळ आजच?" त्यांनी उल्काताईंना विचारलं.

"मला काय माहीत? पन्नास बारशी तुम्ही जेवलात."

कुणीतरी पाहुण्याचा मान म्हणून हातावर कोला नावाचं आफ्रिकेतलं फळ ठेवलं. सुपारी समजून त्यांनी ते चावलं, आणि तोंड कडूजहर झालं.

इतक्यात बाकारीचे थोरले काका बाळाच्या कानाशी वाकले. चला, ओळखीचं काहीतरी आलं! आपल्यात आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिच्या पाठीत धपाटे बसतात. इथे कुणी पुढे होईना. नंदकुमारांनी कर्तव्य समजून "कुर्रर्र" करत काकांच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

काकांची टोपी बाळाच्या पोटावर पडली.

"अहो, धपाटे बायका घालतात," उल्काताई पुटपुटल्या.

नंदकुमारांनी घाम पुसत बाकारीला सगळी रीत समजावली. त्याने ती काकांना सांगितली. काकांनी त्याला काहीतरी विचारलं.

"काका विचारतायत, मार खावा लागतो तर तुमच्याकडे नाव सांगायला कुणी तयार कसं होतं?"

"मान असतो तो."

काका पाठ चोळत हसू लागले. मग ताठ उभे राहून त्यांनी एकही अक्षर न अडखळता जाहीर केलं, "नंदकुमार कुलिबाली."

"हो, आलो," नंदकुमार म्हणाले.

"तुम्हाला नाही, त्याला," बाकारी म्हणाला. "हे बाळ ज्यांच्यामुळे सुखरूप आलं, त्यांचं नाव."

सितानने बाळ उल्काताईंच्या मांडीवर ठेवलं. "आमच्यात ज्याचं नाव, त्याची बायको ती बाळाचीही बायको. सांभाळा नवऱ्याला. हाक मारा नावाने."

बायका खिदळल्या. उल्काताईंनी चाळीस वर्षांत उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्यात बाळाने भोकाड पसरलं.

"अहो, रडू नका ना," त्या ओशाळून म्हणाल्या.

"मी कुठे रडतोय?" म्हणत नंदकुमारांनी मफलरने डोळे पुसले.