झाकण न लावलेला तानपुरा

आमची मंदाआत्या कुणाच्याही घरी गेली की आधी चपला काढते आणि मग त्या घरातल्या वायफायच्या डब्याला हात लावते. तळहात नाही, बोटाची मागची बाजू. डब्यानंतर टीव्हीचा अ‍ॅडॅप्टर, मग मोबाइलचे चार्जर. यजमान "बसा ना, बसा ना" करत उभे असतात आणि आत्या सोफ्यामागे वाकलेली असते. काय काय तापलंय ते कळल्याशिवाय ती टेकत नाही.

माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी आम्ही शनिवार पेठेत गेलो होतो, तेव्हाही तिने सोडलं नाही. पोहे आले आणि आत्या इन्व्हर्टरपाशी. मुलाच्या वडिलांना तिने विचारलं, या बॅटरीला हवा कुठून मिळते? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमच्यात मुलाच्या आधी बॅटरी बघायची पद्धत आहे वाटतं." मी बशीतला कढीपत्ता एकेक पान करून बाजूला काढत बसले, कारण मान वर करायची सोय नव्हती. लग्न तिथेच झालं, पण सासरे अजून पाहुण्यांशी माझी ओळख 'बॅटरीवाल्यांची' अशी करून देतात.

आत्याने नोकरीभर पॉवर सप्लायची डिझाइनं केली. यंत्राच्या पोटात येणारी वीज त्या यंत्राला सोसेल अशी करून देणारं जे सर्किट असतं, ते. त्यामुळे तिच्या लेखी जगात दोनच दुखणी आहेत. एक, सप्लाय नीट नाही. दुसरं, गरम होतंय. आणि दोन्हींवर तिचा एकच प्रश्न, "लोड देऊन बघितलंत का?" म्हणजे नुसतं चालू करून नव्हे, खरं काम करायला लावून. हा प्रश्न ती नव्या जावयांबद्दल विचारते, सोसायटीच्या सेक्रेटरीपदाच्या उमेदवारांबद्दल विचारते. रिकामा असताना सप्लाय सगळ्यांचाच छान दिसतो, असं तिचं म्हणणं.

लग्नानंतर आम्ही दोघं कर्वेनगरला राहायला आलो; त्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत आत्या एकटी राहते. तिने लग्न केलं नाही. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचं सामान, चारपैकी तीन खुर्च्यांवर बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणलेल्या सुट्या भागांचे डबे. चौथीवर ती स्वतः. आलेल्याने उभं राहायचं.

तिच्या खालच्या मजल्यावर कुमुदताई राहतात. शाळेत गाणं शिकवायच्या, आता घरी शिकवणी घेतात. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद पडला तेव्हा तो घेऊन त्या वर आल्या. आत्याने सांगितलं, मला गाण्यातलं काही कळत नाही, पण डबा ठेवून जा. अ‍ॅडॅप्टर जळाला होता. तिने आपल्या साठ्यातला एक जुना जोडला आणि आतले दोन-तीन भाग बदलले.

एवढं काम तिच्या हाताला एका दुपारचं. पण ते लांबलं. रोज संध्याकाळी कुमुदताई वर यायच्या, तपासायला म्हणून तानपुरा लावून थोडं गायच्या, आणि आत्या सांगायची की अजून एक-दोन दिवस नजरेखाली राहू दे. मी एकदा गेले तर टेबलावर पोट उघडं पडलेला तानपुरा, वर पंखा, आणि एका खुर्चीवरचे डबे खाली जमिनीवर आलेले. मला उभंच राहावं लागलं, ती खुर्ची कुमुदताईंची होती.

मग गुढीपाडवा आला. सकाळी पार्किंगमध्ये कुमुदताईंच्या विद्यार्थिनींचं गाणं होतं. तानपुरा हवाच होता. आदल्या संध्याकाळी आत्याने झाकण बसवून तो दिला.

वर पत्रे, त्यावर चैत्राचं ऊन, शूटिंगसाठी लावलेले दिवे, आणि कुमुदताईंनी कौतुकाने तानपुऱ्यावर घातलेलं मखमली आवरण. सुरुवातीलाच त्यांनी माइकवरून मंदाताईंचे आभार मानले. आत्या पहिल्या रांगेत होती, तिने उगाच पदर सारखा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरं गाणं चालू असताना तानपुरा थांबला. सूर असा अचानक गेल्यावर ते मुद्दाम केलंय असं वाटून मागच्या एका काकांनी "वा" म्हटलं. थोड्या वेळाने तो आपोआप सुरू झाला. मुली दचकल्या. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. मी आत्याकडे पाहिलं. तिला केव्हाच कळलं होतं. आतला भाग हद्दीबाहेर तापला की स्वतःला बंद करतो, निवला की परत चालू होतो. हे तिने मला शाळेत असताना शिकवलंय.

चेअरमन मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या लिफ्टचं कामही यांच्याकडेच आहे का?"

सगळे हसले. मला आत्याची लाज इतक्या वेळा वाटली होती की ती मला ओळखीची होती. ही लाज वेगळी होती. आत्याचे कान लाल झाले होते आणि ती हसणाऱ्यांबरोबर हसायचा प्रयत्न करत होती, आणि ते तिला जमत नव्हतं. गाणं संपायच्या आत ती उठून गेली.

त्यानंतर ती दिसेना. कुमुदताईंचं दार उघडं असलं की जिना उतरायची नाही. त्यांनी दोनदा बेल वाजवली, हिने दार उघडलं नाही. शेवटी मी माझ्याकडच्या किल्लीने आत गेले. टेबल स्वच्छ पुसलेलं होतं. सोल्डरिंगचं सामान पिशवीत भरलेलं, आणि तिची सोडून तिन्ही खुर्च्यांवर परत डबे.

मी विचारायच्या आत तीच बोलायला लागली. जुना अ‍ॅडॅप्टर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होता. जास्तीचं सगळं आत उष्णता होऊन साठत होतं. उघड्यावर, पंख्याखाली, काही जाणवत नव्हतं. झाकण लावून तासभर चालवला असता तर घरातच कळलं असतं. कालच नोकरीला लागलेला पोरगासुद्धा आधी झाकण लावून बघतो, असं म्हणून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मग तू का नाही लावलंस?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झाकण लावलं असतं तर त्या घेऊन गेल्या असत्या."

मी खाली गेले आणि कुमुदताईंना एवढंच सांगितलं की आत्या घरात आहे, दार उघडं ठेवलंय.

त्या तानपुरा घेऊन लगेच वर आल्या. आत्या उभी राहिली, माफी मागायला लागली, तर कुमुदताईंनी तानपुरा टेबलावर ठेवला, एका खुर्चीवरचे डबे स्वतःच उचलून खाली ठेवले आणि बसल्या. आत्याने मान खाली घालून सांगितलं, बरोबर व्होल्टेजचा अ‍ॅडॅप्टर घालते, उष्णता बाहेर जायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावते, आणि या वेळी झाकण लावून बघते. उद्या संध्याकाळपर्यंत होईल.

"होऊ दे," कुमुदताई म्हणाल्या. "त्यानंतर माझा मिक्सर आहे."

"मिक्सर मी करत नाही हो," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "काय झालंय त्याला?"

"काही नाही," कुमुदताई म्हणाल्या. "पण आणते."