कस्तुराबाईंच्या लांब बाह्या

खोलीत खाट नव्हती. खुर्ची होती, पण तिला पाय नव्हते. कस्तुराबाईंनी दारातूनच चारी कोपऱ्यांत नजर फिरवली आणि मुलाला विचारलं, "सामान कधी उचलून नेलं ह्यांचं?"

हरिओमनं समजावलं की जपानातल्या जुन्या उतारशाळा अशाच असतात. दिवसा चटईवर बसायचं, झोपायच्या वेळी गाद्या येतात. नागोयाच्या कंपनीत त्याला सहा वर्षं झाली होती, आणि आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून त्यानं ही डोंगरातली जागा दोन महिने आधी धरून ठेवली होती. इथं जमिनीतून आपोआप कढत पाणी येतं, त्यात बसलं की सांधे मोकळे होतात. कस्तुराबाईंनी ऐकून घेतलं, विश्वास ठेवला नाही. सोनपेठ सोडल्यापासून त्यांनी कशावरच विश्वास ठेवलेला नव्हता.

त्यातून इथली मालकीण. दारात ती जमिनीला कपाळ टेकेपर्यंत वाकली, तेव्हाच कस्तुराबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या होत्या, "एवढी वाकायलीय म्हंजी कायतरी गळ्यात मारायचं असंल." मग मालकिणीनं सगळ्यांच्या चपला उचलून आत नेल्या. पाथरीच्या देवळाबाहेर कस्तुराबाईंची एक जोड गेली होती, पण ती निदान चोरानं नेली होती. इथं मालकीण स्वतः नेत होती, तेही हसून.

खरा घोर पुढंच होता. सून प्रियांका म्हणाली, बायकांचं कुंड वेगळं आहे, सगळ्याजणी एकत्र बसतात, आणि अंगावर कपडा चालत नाही.

"कोनताच?"

"कोनताच न्हाई, आत्याबाई. समद्याच तशा असतात, कुनी कुनाकडं बगत न्हाई."

"मग तुला कसं कळलं समद्या तशा असतात म्हनून?"

कस्तुराबाईंनी खोलीतच बादलीभर पाणी मागितलं. खोलीला न्हाणीच नव्हती. एकट्यापुरतं लहान कुंड होतं, पण ते दुसऱ्या पाहुण्यांनी आधीच धरलेलं. त्यांना तेव्हाच पुरता संशय आला की हा सगळा घाट सुनेनं घातलाय. तीन वर्षांपूर्वी वैशाखात हीच म्हणाली होती, "आत्याबाई, एवढ्या उन्हात तरी आखूड बाह्या घाला." ते त्या विसरल्या नव्हत्या.

कारण कस्तुराबाईंच्या झंपराच्या बाह्या कोपराच्या खाली चार बोटं असत, बारमाही. गावात लोक त्याला पाटलिणीचा रुबाब म्हणत. खरी गोष्ट डाव्या दंडावर गोंदलेली होती.

तेरा वर्षांच्या असताना त्यांची सोयरीक चुडाव्याकडच्या एका चंद्रभानशी ठरली होती. मुलगा त्यांनी दाराच्या फटीतून एकदाच पाहिला होता. पुढच्याच आठवड्यात जत्रेत गोंदणारी बसली होती. मैत्रिणींनी भरीस घातलं, आणि होणाऱ्या नवऱ्याचं नाव मोठ्यानं कसं घ्यायचं म्हणून त्यांनी ते त्या बाईच्या कानात सांगितलं. बाईनं मान डोलावून सुई चालवली. पंधरा दिवसांनी मानपानावरून सोयरीक मोडली. सहा महिन्यांत त्यांचं लग्न आबासाहेबांशी झालं, आणि त्या दिवसापासून बाह्या लांब झाल्या.

कस्तुराबाईंना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण आबासाहेब शिकलेले होते, रोज पेपर वाचायचे. दंड त्यांनी पाहिला असणारच, वाचलाही असणार. पण मरेपर्यंत त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. या एका उपकारापायी कस्तुराबाईंनी चाळीस वर्षं नवऱ्याला उलट उत्तर दिलं नाही. अख्ख्या तालुक्यात त्यांच्या जिभेपासून सुटलेला तेवढा एकच माणूस.

आता तो दंड प्रियांकासमोर उघडा करायचा. प्रियांका मास्तराची मुलगी. तिला अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. भज्याचा कागदसुद्धा ती उलगडून वाचून मगच टाकायची.

गुडघे दुखत नाहीत असं त्या जाहीर करणार, तेवढ्यात मालकीण चहा घेऊन आली. पेला घ्यायला कस्तुराबाईंनी हात पुढं केला आणि मनगटावर गोंदलेलं तुळशीवृंदावन तिला दिसलं. ती हसायची थांबली. गुडघ्यांवर बसून, तीनदा वाकून ती हरिओमशी हळू आवाजात बोलली. हरिओम ओशाळून म्हणाला, "माय, अंगावर गोंदलेलं असंल तर कुंडात सोडत न्हाईत म्हनती. हितं गुंड लोक गोंदून घेतात."

कस्तुराबाईंनी पेला खाली ठेवला.

"तिला सांग, बारा एकर बागायत हाय आमची. आन आता मी जानारच. बगते कोन अडीवतंय."

मालकीण घाईनं म्हणाली की अडवायचं नाही, झाकलं म्हणजे झालं. तिनं ओटीतून कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या काढल्या आणि अगदी नम्रपणे विचारलं, अंगावर आणखी कुठं आहे का? हरिओमनं विचारणा पोचवली. प्रियांकानंही चहाचा पेला हातात धरून सासूकडं पाहिलं.

"आनखी कुटं म्हंजी?" कस्तुराबाई म्हणाल्या. "हनुवटीवर टिपका हाय. तो दिसायलाय तिला." मग जरा थांबून त्यांनी एक पट्टी जास्तीची मागून घेतली, पहिली खराब झाली तर असावी म्हणून.

संडासात जाऊन, दाराला कडी लावून त्यांनी ती जास्तीची पट्टी दंडावर दाबून बसवली. बोट फिरवून पाहिलं. अक्षरं गेली होती. बावन्न वर्षांत ज्याला उपाय सापडला नाही, ते काम या वाकणाऱ्या बाईनं फुकटात केलं होतं. मालकिणीबद्दल त्यांचं मत थोडं बदललं, पण पुरतं नाही.

कुंडावर त्या परकर नेसूनच निघाल्या होत्या, तिथल्या बाईनं तो वाकून वाकून काढायला लावला. आत नुसती वाफ. आधीच बसलेल्या एका म्हातारीनं पाण्यातूनच त्यांना वाकून नमस्कार केला. कपड्यांत वाकतात ते एक वेळ ठीक, असं मनात म्हणत कस्तुराबाई भिंतीकडं तोंड करून पाण्यात शिरल्या. पाणी कढत होतं, पण दोन मिनिटांत गुडघ्यांतली कळ लोण्यासारखी विरघळली. त्यांनी डोळे मिटले. इतकं बरं त्यांना बाळंतपणानंतर वाटलं नव्हतं.

गुडघ्यांची कळ निघाली तसा पट्टीचा डिंकही निघाला. डोळे उघडले तेव्हा पट्टी पाण्यावर तरंगत, डुलत डुलत सुनेकडं निघाली होती. कस्तुराबाईंनी ती धरायला हात लांब केला. डावाच.

प्रियांका दंडाकडं पाहत होती. तिचे ओठ हलले.

"वाचू नगं," कस्तुराबाई म्हणाल्या.

"वाचलं की."

म्हातारी तेवढ्यात उठून गेली. कुंडात दोघीच उरल्या. कस्तुराबाई हनुवटीपर्यंत पाण्यात गेल्या आणि वाट पाहू लागल्या. आता ही हसेल, मग हरिओमला सांगेल, मग पाथरीला तिच्या माहेरी फोन जाईल.

"आमच्या आजीच्या दंडावरबी हेच हाय," प्रियांका म्हणाली.

चंद्रभाननं आणखी किती सोयरिकी केल्या होत्या, हा पहिला विचार कस्तुराबाईंच्या मनात आला.

"काय हाय?"

"सिताराम. आजी सांगायची, जत्रेतल्या त्या गोंदनारीला तेवढंच लिवता यायचं. कानात कुनी कायबी सांगू द्या, ती आपली सिताराम काढून मोकळी. आजीनं तर भावाचं नाव सांगितलं होतं."

"पुन्यांदा वाच."

प्रियांकानं बोट ठेवून पुन्हा वाचलं. एकेक अक्षर. मग तिनं विचारलं, "तुमी काय सांगितलं होतं?"

"मी बी सितारामच सांगितलं होतं," कस्तुराबाई म्हणाल्या. "दुसरं काय सांगनार?"

"मग झाकलं कामून?"

"देवाचं नाव लोकाला दावीत फिरायचं असतंय व्हय?"

कस्तुराबाईंना आता आबासाहेब दिसू लागले होते. बिचाऱ्यानं पहिल्या रात्रीच वाचलं असेल आणि बायको भक्तिमार्गाची मिळाली म्हणून समाधानानं झोपला असेल. काडीचा उपकार नव्हता त्यात. विहिरीची जागा चुकली तेव्हा बोलता आलं असतं. नणंदेला पाटल्या दिल्या तेव्हा तर नक्कीच. चाळीस वर्षांत तोंडाशी येऊन गिळलेली उत्तरं एकेक करून वर येऊ लागली, आणि ऐकायला माणूस उरला नव्हता. मधेच त्यांनी दंडावर एकदा हात फिरवला. फटीतून पाहिलेल्या त्या मुलाचा चेहरा त्यांना आठवेना.

वर आल्यावर अंग पुसायच्याही आधी त्यांनी सुनेला सोनपेठला फोन लावायला सांगितला, दिनकरराव शिंप्याला. त्याच्याकडं चार झंपर शिवायला टाकलेले होते.

"दिनकरराव, कापलेत का? न्हाई ना? मग बाह्या आखूड कर."

पलीकडून दिनकररावाला ऐकण्यात काही घोटाळा झाल्यासारखं वाटलं असावं. त्यानं दोनदा विचारून खात्री केली आणि मग माप विचारलं, किती आखूड?

कस्तुराबाईंनी आरशात पाहिलं.

"लोकाला वाचता आलं पायजे, एवढ्या."